कोपराचा अधिकृत आवाज

एखादा समाज किती पुढारलेला आहे हे त्याच्या रस्त्यांवरून किंवा इस्पितळांवरून ठरत नाही. त्या समाजात थोबाडीत मारल्याचा आवाज किती अचूक लिहिला जातो, यावरून ठरते. हे वाक्य ‘वज्रकोपर वाचक महामंडळा’च्या घटनेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेले आहे. ज्या समाजात असे महामंडळ आहे त्याला मागासलेला म्हणण्याची आमची तरी छाती नाही.

वज्रकोपर हा चित्रकथांच्या एका मासिकाचा नायक. मूठ कधी वळणार नाही, असा शब्द त्याने आपल्या गुरूंना दिलेला असल्यामुळे गेली सव्वीस वर्षे तो दर अंकात सरासरी चाळीस दुर्जनांना केवळ कोपराने लोळवत आला आहे. (पाय वापरायला मनाई नाही, पण ते उड्या मारण्यात गुंतलेले असतात.) महामंडळाचे सभासद त्रेचाळीस. पैकी एकेचाळीस पदाधिकारी आहेत आणि उरलेल्या दोघांसाठी पदे शोधण्याचे काम एका उपसमितीकडे आहे. शिवाय घटनेच्या कलम चारप्रमाणे काही जणांना आजीव सभासदत्व अर्ज न करताच मिळते. कसे, ते योग्य वेळी सांगू. प्रत्येक सभासद अंकाच्या तीन प्रती घेतो: एक वाचायला, एक जपून ठेवायला आणि एक, जपून ठेवलेली प्रत कुणी बघायला मागितली तर त्याच्या हातात टेकवायला.

आता वज्रकोपराचे कोपर चित्रकार काढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते लागल्याचा आवाज कोण काढते? तो अक्षरबाई काढत.

अक्षरबाई मासिकाच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून फुग्यांतले संवाद आणि हाणामारीचे आवाज हाताने लिहीत. संवाद लेखकाकडून आयते येत. आवाज येत नसत. लेखक समासात ‘इथे मारामारी’ एवढे खरडून चहाला निघून जाई. मग बाई चित्राकडे टक लावून बघत, डोळे मिटत, आवाज दोन-तीनदा तोंडात घोळवत आणि मगच ब्रश उचलत. काम साचले की पाने घरीही येत. संध्याकाळी स्वयंपाकघरातून ‘खाड्, फाड्, धप्प’ असे आवाज चालू असत आणि पलीकडच्या खोलीत त्यांचे यजमान वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. त्यामुळे जिन्यात भेटणारे शेजारी त्या सज्जन माणसाची फार आपुलकीने विचारपूस करत. ‘आता सवय झालीय,’ असे तो म्हणे. (त्याला वाटे, ते आवाजाबद्दलच विचारताहेत.)

अशा तऱ्हेने सगळे सुरळीत चालले असताना महामंडळाच्या लक्षात आले, की हे आवाज कुणीही तपासत नाही. अध्यक्ष दंतवैद्य होते, त्यामुळे जबड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. कार्यवाह वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि शिक्का बसल्याशिवाय जगातली कोणतीही वस्तू खरी होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. या दोघांनी मिळून जो ध्वनितक्ता सिद्ध केला, त्यातला थोडा भाग अभ्यासूंसाठी देत आहोत:

खाड् : तळहात, गालावर. (गालावर दाढी असल्यास ‘खस्’.)

धप्प : पाठीवर. (मारणारी व्यक्ती आई असल्यास एक ‘प’ कमी.)

ठक् : डोके, लाकडावर. (डोक्यावर डोके आपटल्यास काय, याचा निर्णय आत काय आहे यावर अवलंबून असल्याने राखून ठेवला आहे.)

सुंई : नेम चुकल्यास. (दुर्जनांसाठी राखीव. वज्रकोपराचा नेम चुकत नाही.)

धाड् : कोपर, छातीवर.

हा तक्ता कचेरीला रवाना झाला तेव्हा बाईंनी तो वाचला, चौकोनी घडी घातली आणि टेबलाच्या लुळ्या पायाखाली सारला. टेबल डगमगायचे थांबले. तक्त्याचा तेवढा उपयोग झाला हे मान्य केलेच पाहिजे.

पुढे अंक तीनशे बारा निघाला. वज्रकोपराचा लाडका शिष्य गुरुकुल जाळून फरार झाला होता. अकरा वर्षांनी तो अखेर हाती लागतो, आणि पान सतरावर, पानभर मोठ्या चित्रात, वज्रकोपराचे कोपर त्याच्या छातीवर बसते. तिथे ठळक, रक्तवर्णी ‘धाड्’ असणार याची महामंडळाला खात्री होती. प्रत्यक्षात चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘पुटुक्’.

अध्यक्षांनी तो शब्द वाचला आणि आ वासलेला रुग्ण तसाच खुर्चीत ठेवून ते फोनकडे धावले. कार्यवाहांनी रजा टाकली. एका जुन्या सभासदाने कळवले, की अकरा वर्षे आपण ज्या क्षणासाठी जगलो तो क्षण पावट्याच्या शेंगेसारखा फुटला. तीन दिवसांत मालकांच्या टेबलावर बेचाळीस निषेधपत्रे जमा झाली. (त्रेचाळिसावा सभासद परगावी होता. त्याने नंतर दोन पाठवली.)

मालकांनी बाईंना बोलावले. मालक वाईट नव्हते. फक्त त्यांच्या मेहुण्याने नुकताच एक संगणक आणला होता आणि त्यात बारा आवाज आधीच भरलेले होते.

“बाई, तुमच्या आवाजाबद्दल माझं काही म्हणणं नाही,” मालक म्हणाले. “पण ही माणसं महिन्याला एकशे एकोणतीस प्रती उचलतात. रविवारी त्यांच्यापुढे जा आणि काय ते समजावून सांगा. त्यांना पटलं नाही, तर पुढच्या अंकापासून आवाज मशीनच काढेल.”

नोकरी जाईल ही बाईंना भीती होतीच, पण त्याहून ते बारा आवाज त्यांना बोचले. सव्वीस वर्षांत त्यांनी एक थप्पड दुसरीसारखी लिहिली नव्हती. रागाची वेगळी, घाबरून मारलेली वेगळी, मारून लगेच पस्तावलेल्याची तर अगदीच वेगळी. हे कुणी कधी वाखाणले नव्हते, आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही, अशी त्यांची आतापर्यंत समजूत होती. त्या रात्री जेवताना यजमान म्हणाले, की का लिहिलेस ते सरळ सांगून मोकळी हो. त्यावर त्या म्हणाल्या, सांगायचे काय, चित्रात दिसतेय की.

सुनावणी अध्यक्षांच्या दवाखान्यात झाली. खुर्च्या होत्या एकेचाळीस, त्या पदाधिकाऱ्यांना पुरल्या. सामान्य सभासद उभे राहिले. बाईंना दात काढायच्या खुर्चीत बसवून वरचा दिवा लावण्यात आला. आरोप वाचून झाला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही चित्र बघा ना जरा.” अध्यक्षांनी त्यांना समज दिली, की प्रश्न ध्वनीचा असून चित्र विषयपत्रिकेवर नाही.

तेव्हा निकाल प्रात्यक्षिकानेच लावावा असे ठरले. कुणाच्या तरी छातीवर कोपर मारायचे आणि सर्वांनी ऐकायचे. इथे एक बारीकशी अडचण उभी राहिली. महामंडळाने आजवर एकूण पाच लाख छत्तीस हजार सहाशे चाळीस प्रहार वाचले होते. खाल्लेला एकही नव्हता. (एक सभासद सायकलवरून पडला होता, पण ती जमीन दुर्जन होती असे त्याला सिद्ध करता आले नाही.) उपाध्यक्षांच्या दुखऱ्या कमरेला पट्टा लावलेला होता. खजिनदारांना घरून निरोप येणार होता, तो त्यांनी आधीच ओळखला. कुणीतरी उशी सुचवली.

शेवटी कार्यवाह उठले. शिक्का मारायच्या आधी माप तपासावेच लागते, असे म्हणून त्यांनी चष्मा काढून शेजाऱ्याकडे दिला. त्या क्षणी तो माणूस खरोखरच मोठा वाटला, हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. पण मारणार कोण? कलम अकराप्रमाणे सभासदांनी एकमेकांवर हात उगारायचा नाही. कोपर हा हात आहे काय, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि आहे असे ठरले. खोलीत सभासद नसलेली व्यक्ती एकच होती.

अक्षरबाई खुर्चीतून उतरल्या. हजारो कोपरांचे आवाज त्यांनी लिहिले होते, पण स्वतःचे आजवर फक्त टेबलावर टेकवले होते. “लागलं तर सांगा हं,” असे कार्यवाहांना बजावून त्यांनी डोळे मिटले, सव्वीस वर्षांतली सगळी पाने आठवली आणि कोपर हाणले.

कार्यवाह काही बोलले नाहीत, कारण बोलायला लागतो तो श्वास त्यांच्याजवळ नव्हता. ‘धाड्’ झाले नाही. बाकीचे बेचाळीस सभासद कान टवकारून होते, आणि त्या शांततेत सर्वांना स्पष्ट ऐकू आले: पुटुक्. कार्यवाहांच्या सदऱ्याचे दुसरे बटण उडाले आणि चुळा भरायच्या भांड्यात जाऊन पडले. (टिण्. याची नोंद वेगळी घेण्यात आली.)

मग कुणाला तरी पान सतरा उघडायची बुद्धी झाली. अध्यक्षांनी तोंडात घालायचा आरसा चित्रावर धरला. शिष्याच्या छातीसमोर, हवेत, मोहरीएवढे एक बटण होते. मागे लोंबणारा दोरासुद्धा होता. एकशे एकोणतीस प्रतींपैकी एकाही प्रतीत ते कुणाला दिसले नव्हते.

“ते नवव्या अंकात त्याच्या गुरूनं, म्हणजे वज्रकोपरानं, त्याला स्वतः शिवून दिलेलं,” बाई म्हणाल्या. “मार काय, सगळेच खातात. त्याचं ते बटण तुटलं. म्हणून तेवढंच लिहिलं मी.”

कार्यवाहांच्या डोळ्यांत पाणी होते. (कारण निश्चित करता आले नाही, असे इतिवृत्तात नमूद आहे.) त्यानंतर सदरहू सदऱ्याचे सदरहू बटण पुरावा म्हणून जप्त करण्यात आले आणि सर्वानुमते ठराव झाला, की बाईंचे म्हणणे शंभर टक्के खरे असून यापुढे छातीवर बसलेल्या कोणत्याही कोपराचा अधिकृत आवाज ‘पुटुक्’ हाच राहील.

बाईंची नोकरी वाचली. मेहुण्याचा संगणक मेहुण्याकडे परत गेला. पुढच्या अंकात वज्रकोपराची गाठ एका उघड्याबंब राक्षसाशी पडली. बाईंनी खूप विचार करून ‘भद्द्’ लिहिले आणि तपासणीसाठी महामंडळाकडे गेलेले पान नामंजुरीचा तांबडा शिक्का खाऊन परत आले. राक्षसाला बटण नाही, हे त्यांनी महामंडळाला लेखी कळवले. महामंडळाने चित्रकाराला राक्षसाला सदरा घालायला सांगितले. त्यानंतर दगडी पुतळ्याला सदरा आला, देवमाशाला आला. आता संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरातून ‘पुटुक्, पुटुक्, पुटुक्’ एवढेच ऐकू येते, आणि जिन्यातले शेजारी यजमानांना सोडून बाईंचीच विचारपूस करू लागले आहेत.

राहता राहिले कलम चार. ते असे: ‘आवाजाचा शब्द वाचताना ज्या कोणाचे ओठ हलतील, तो त्या क्षणापासून महामंडळाचा आजीव सभासद समजला जाईल, त्यास अर्जाची गरज नाही व राजीनाम्याची सोय नाही.’ मगाशी तक्त्यातला ‘खाड्’ वाचताना तुम्ही काय केलेत ते आम्ही पाहिलेले नाही, आणि आत्ता तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतलेत त्याचाही आता उपयोग नाही. पुढची सभा येत्या रविवारी आहे. ‘टिण्’ची चाचणी बाकी असून कार्यवाहांनी या खेपेला नवीन सभासदाची छाती मागितली आहे. येताना बटणांचा सदरा घालून यावे.