साडेचारावा नंबर

कागदावर आठ ओळी होत्या आणि आठही ओळींपुढे तुमीजानकाकांनी सुवाच्य अक्षरात 'पहिला' असं लिहून दिलं होतं. खाली झोकदार सहीसुद्धा होती.

एंदाहनं कागद उलटून मागची बाजूही पाहिली. संख्याशास्त्राच्या पदवीचं तिचं हे सातवं वर्ष. शुक्रवारपर्यंत प्रबंध गेला नाही, तर विद्यापीठ तिचं नावच काढून टाकणार होतं. विषय तिनं मुद्दाम सोपा घेतला होता. क्लातेन गावातल्या त्यांच्या गल्लीत आठ बायका टेंपे करतात, म्हणजे सोयाबीन केळीच्या पानात बांधून, आंबवून त्याच्या वड्या. दोन जाणकारांनी त्या चाखून पहिला ते आठवा असे नंबर लावायचे आणि दोघांचं मत किती जुळतं ते आकड्यात काढायचं. पूर्ण जुळलं तर एक.

"काका, नंबर लावायचे होते ना?"

"लावले की! सगळ्याच छान करतात, न्दुक." न्दुक म्हणजे पोरी; काका पोटच्या पोरीशी बोलावं तसे बोलत होते. "या वयात कुणाला आठवी म्हणू?"

"अहो, पण नावं झाकली होती मी."

"नावं झाकलीस. केळीच्या पानाची गाठ कुठे झाकलीस? तिसरी आमच्या हिची. चाळीस वर्षं सोडतोय ती गाठ!"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. नशीब, दुसऱ्या जाणकार मुर्सियामकाकूंनी एक ते आठ नंबर बेधडक लावले होते. बरोबरी झाली की जागांची सरासरी द्यायची, असा नियम पुस्तकात होता. एक ते आठची सरासरी साडेचार. एंदाहनं सूत्रात आकडे घातले आणि उत्तर नेमकं अर्धं आलं. निम्मं तर निम्मं, मत जुळत होतं. तिनं डोळे पुसले.

तिचे मार्गदर्शक हेरुतोमो सर कागद बघून म्हणाले, "काकूंच्या जागी माकडानं नंबर लावले असते तरी अर्धंच आलं असतं. एवढी बरोबरी असली की हे सूत्र चालत नाही. दुसरं घाल."

तिनं दुसरं घातलं. भागाकारात वर शून्य आलं, खालीही शून्य.

"म्हणजे उत्तरच नाही. जा, त्यांच्याकडून नीट नंबर लावून आण. माणसाला कणा हवा म्हणावं जरा!"

ती गल्लीत परतली तेव्हा तिचा तक्ता आईच्या कृपेनं घरोघरी फिरून आला होता. तुमीजानकाका पायरीवर उपाशी बसले होते. "साडेचारावी? मी हिला पहिली दिली होती, तुझ्या विद्यापीठानं साडेचारावी केली?" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, तसे काका म्हणाले, "आणि मुर्सियामनं तर आठवी!"

मुर्सियामकाकू हात पुसत समोरून आल्याच. "दे गं तो कागद."

"काकू, तुम्ही तरी नका ना!"

"गप्प बस. उद्या हिच्या दारावरून जाऊ कशी मी?" आणि त्यांनी आठही जणींना पहिला नंबर देऊन टाकला.

आता पहिल्या सूत्रानं उत्तर आलं पूर्ण एक. दुसऱ्यानं, पुन्हा शून्य भागिले शून्य. एंदाह पायरीवर बसून खरोखरच रडली. "काका, सात वर्षं गेली हो माझी."

"अगं, पण एकमत झालं ना?"

शुक्रवारी तिनं निष्कर्षात एकच ओळ लिहिली: या गल्लीत मतं जुळतात की नाही, हे मोजता येत नाही. सर सुस्कारा सोडून म्हणाले, "खरं आहे. पास होशील. पण यंदाच्या आठ प्रबंधांत हा शेवटचा, मनाची तयारी ठेव." नंबर ते आणि बाहेरचे परीक्षक मिळून लावणार होते. बाहेरचे परीक्षक म्हणजे सरांचे स्वतःचे गुरुजी, आणि आठांपैकी एक प्रबंध गुरुजींच्या पुतणीचा.

यादी लागली. आठ नावं होती आणि आठांपुढे 'पहिला'. सर तिथेच उभे होते, पण त्यांनी एंदाहकडे बघितलं नाही.

घरी येताना काकांनी पायरीवरून हाक मारली. "काय गं, कितवी आलीस?"

हसावं की रडावं, तिला कळेना.

"साडेचारावी, काका."