दार बंद आहे, याला पुरावा काय?

बाथरूमचं दार लावताना त्याची मूठ जरा जास्तच सहज फिरली, तेव्हाच तिच्या पोटात धस्स झालं होतं. पण धस्स होणं ही तिच्या पोटाची रोजचीच ड्यूटी. कुकरची शिट्टी, दाराची बेल, नवऱ्याची शिंक, काहीही पुरायचं. म्हणून तिने दुर्लक्ष केलं, आरशासमोर उभी राहिली आणि घसा खाकरून म्हणाली, "विद्यार्थी मित्रहो, तत्त्वज्ञान म्हणजे काय?"

आज कॉलेजात तिचं चाचणी-व्याख्यान होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर तिची एम.ए.ची पदवी पुन्हा कपाटात, जुन्या चादरींखाली. बाथरूममध्ये आवाज घुमतो आणि चेहराही दिसतो, म्हणून सरावाची जागा ती. घरच्यांना तिने निक्षून बजावलं होतं, "मी ओरडले, रडले, हाका मारल्या, तरी कोणी मधे यायचं नाही. तो लेक्चरचाच भाग आहे." कारण तिच्या व्याख्यानात खोलीत कोंडला गेलेला एक माणूस होता. तो आधी दार बडवायचा, आणि मग त्याला प्रश्न पडायचा, की दार खरंच बंद आहे, की मला नुसतं तसं वाटतंय? (पहिल्या सरावाला सासरे अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले होते. त्यांचे आभार मानायचे सोडून बाईसाहेब त्यांच्यावरच करवादल्या होत्या.)

व्याख्यान ठरल्यापासून घरात 'फिलॉसॉफी' हा शब्द काढायची सोयच राहिली नव्हती. परवा तिने नवऱ्याला मुठीचं सांगितलं, तर तो म्हणाला, "सैल झालीय? अगं, थोडं फिलॉसॉफिकली घे." तिने लगेच सुनावलं, "निमूट सोसण्याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत, आळस म्हणतात." सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची फिलॉसॉफी एकच, आल्यागेल्याला आधी चहा." ही आतून ओरडली, "आई, ती सवय झाली!"

आणि सासऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांचे फिरायला जाणारे मित्र घरी आले होते. सासरे ऐटीत म्हणाले, "आपली फिलॉसॉफी साधी. पोट साफ तर दिवस साफ." हातात ट्रे घेऊन ही उभी. जीभ कुठली आवरतेय! "बाबा, याला फिलॉसॉफी नाही, पचन म्हणतात." मित्र खो खो हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले तिने पाहिले. तेव्हापासून ते "माझं आपलं म्हणणं..." एवढं बोलून तिच्याकडे बघायचे आणि गप्प बसायचे.

सराव झाला. तिने मूठ फिरवली आणि मूठ हातात आली. मुठीचा दुसरा अर्धा भाग दाराबाहेर टणकन पडला. दार मात्र जागचं हललं नाही.

"आई! दार उघडा, मी अडकलेय!"

"आज आवाज काय खणखणीत लागलाय गं!" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

"आई, खरंच अडकलेय हो!"

"हे 'खरंच' नवीन घातलंस ना? शोभतंय."

तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. "हे लेक्चर नाहीये!"

"असं तर तो माणूसही म्हणेल," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "काल नाही का सांगितलं हिने, असणं वेगळं आणि वाटणं वेगळं? मला वाटतं..."

"तुम्ही मधे बोलू नका," सासूबाई कुजबुजल्या. (कुजबूज कसली, शेजारी ऐकू गेली असेल.) "परत काहीतरी ऐकून घ्याल."

ते वाक्य दारातून थेट आत आलं आणि तिच्या काळजात रुतलं. ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. दार बंद आहे याचा पुरावा हातात मुठीच्या रूपाने होता, पण दाखवायचा कोणाला? तेवढ्यात बाहेर चार्जिंगला लावलेला तिचा फोन वाजला. ऑफिसातून नवराच असणार!

"हां, बोल रे," सासूबाईंनी उचलला. "नाही नाही, अजून सराव चाललाय. उशीर कसला, तिचं तिला कळतं. अरे, रंगात आलीय नुसती, दार मोडायचं बाकी ठेवलंय!"

गाडी काढायची वेळ टळत चालली होती. तिकडे कॉलेजात समितीसमोर रिकामी खुर्ची, आणि इकडे उमेदवार बादलीवर. आपल्याला सगळ्यांची चूक दाखवायची केवढी हौस! आता खरं सांगतोय तर खोट्यात जमा. शरमेने तिचेच कान तापले. तिने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"बाबा, माझं चुकलं! मित्रांसमोर तसं बोलायला नको होतं मी. पचन हीसुद्धा फिलॉसॉफीच आहे!"

बाहेरून सासऱ्यांचा भरून आलेला आवाज, "ऐकलंस का गं? लेक्चरमध्ये मला घातलंय पोरीने."

"पुसा ते डोळे," सासूबाई म्हणाल्या. "आणि हळू बोला, तिचं लक्ष विचलित होईल."

ती भिंतीला टेकायला गेली, आणि नळामागून काहीतरी करडं, लांबट, शेपटीवालं सर्रकन तिच्या खांद्याच्या दिशेने निघालं.

"आई गंऽऽ! पाऽऽल!"

ह्या वाक्यात तत्त्वज्ञान औषधालाही नव्हतं. बाहेर ताट आपटलं, खुर्ची कलंडली, चपला फटाफटा वाजत दाराशी आल्या.

"पाल?" सासूबाई ओरडल्या. "अगं बावळट, मग आत काय बसलीस तिच्यासोबत, बाहेर ये ना!"