पांढरं कार्ड

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी, बाराच्या ठोक्यापर्यंत, माझी पक्की खात्री होती की हॉस्पिटलच्या जेवणाबद्दल मला कोणी काही शिकवू नये! रक्ताच्या रिपोर्टातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ट्रेवरचं पथ्याचं कार्ड मी झोपेतही ओळखेन. पिवळं म्हणजे साखर बंद. निळं म्हणजे मीठ बंद. गुलाबी म्हणजे दात नाहीत, सगळं मऊ करा. वाया गेलेली कार्डं आई घरी आणायची आणि मी ती पुस्तकांत खुणेला घालायचे. माझ्या जाडजूड कादंबऱ्यांना मधुमेह आहे, चरित्रांना रक्तदाब.

ज्या हॉस्पिटलात ती आता पलंगावर होती, त्याच्याच भटारखान्यात तिची एकतीस वर्षं गेली. या देशात आली तेव्हा इथली भाषा येत नव्हती, म्हणून तिला खरकटं काढायला उभं केलं. खरकट्याला भाषा लागत नाही. मग ती पट्ट्यावर आली. पट्ट्यावरून ट्रे सरकत जातात, जो तो आपापली वस्तू त्यात ठेवतो. आईच्या वाट्याला झाकणं आली. सात वर्षं नुसती झाकणं! तेव्हापासून सगळा भटारखाना तिला झाकणबाई म्हणे. शब्दांआधी तिला रंग आले, आणि शेवटी ती पट्ट्याच्या टोकाला उभी राहिली. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही ट्रे वर जात नसे.

मी मात्र शाळेत सांगायचे, "माझी आई हॉस्पिटलमध्ये असते." "नर्स?" असं कोणी विचारलं की नुसती हसायचे. एकदा तर बाईंनी तिला वर्गात प्रथमोपचार शिकवायला बोलावलं! आईने चिठ्ठी माझ्याकडूनच वाचून घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि ड्युटी असल्याचा निरोप पाठवला. त्यावर आम्ही दोघी कधीही बोललो नाही. झाकण ठेवण्यात तिचा हात कोण धरणार!

तर बारा वाजता ट्रे आला. मी झाकण उचललं आणि उडालेच. मिठाची पुडी! लोणी! वाटीभर पुडिंग! मधुमेह असलेल्या, मूत्रपिंडं निम्मीच चालणाऱ्या बाईला! आणि कार्ड? कोरं पांढरं.

"कार्डाचा रंगच संपलाय यांचा," मी म्हटलं. "तू निवृत्त झालीस आणि भटारखाना बुडाला बघ!"

"राहू दे गं," आई म्हणाली. ती कार्डाकडे पाहत होती. "दे इकडे तो ट्रे."

"देते काय! मारायचंय का तुला?"

"शहाणे, खाली बस."

मी कसली बसते! भिंतीवरचा फोन उचलून भटारखान्याला ठणकावलं, "चौथा वॉर्ड, सातवा पलंग, चुकीचा ट्रे!"

आता इथे आईचाच एक नियम आडवा आला. एक ट्रे चुकला म्हणजे मागचे सगळे एकेक घर सरकले असणार. तेव्हा पट्टा थांबवायचा आणि वर गेलेला प्रत्येक ट्रे परत घ्यायचा. तिने घालून दिलेला नियम, तिनेच तयार केलेली माणसं! पाच मिनिटांत चारही मजल्यांवर धावपळ उडाली. शेजारच्या पलंगावरच्या आजीबाईंच्या तोंडातला घास तेवढा वाचला.

"अहो, तीन दिवसांनी जेवायला परवानगी मिळाली मला!" त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी धरून ठेवला. "नेऊन तर दाखवा!"

"आजी, चौकशी चालू आहे," ट्रे ओढणारा म्हणाला.

"चौकशी खा तू! मी हे खाते!"

तेवढ्यात भटारखान्याची मुकादमबाई धापा टाकत आली. डोक्यावर जाळी, हातात यादी. आईनेच तिला पट्ट्यावर आणलं होतं. तिने यादी पाहिली, कार्ड पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"कार्ड बरोबर आहे."

"बरोबर? रंग तरी आहे का त्याला! मला कार्डं शिकवता? मी लहानपणापासून..."

"हिला पांढरं माहीत नाही," आई तिला म्हणाली. "मी घरी कधी नेलं नाही."

मुकादमबाईने डोळे पुसले. मग आईने मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, "पांढरं म्हणजे सगळं चालेल. जे मागेल ते द्या. आता पथ्याचा उपयोग नाही, असं डॉक्टर लिहितात तेव्हा लावायचं."

तीन वाजता मोठे डॉक्टर मला भेटणार होते. मी प्रश्नांची यादीही केली होती. भटारखान्याला बाराला कळलं!

"पट्टा चालू कर बाई," आई म्हणाली, "माणसं उपाशी आहेत." मग माझ्याकडे वळून, "आणि तू तो चमचा दे."

तिने पुडिंगचे दोन चमचे खाल्ले. "आमच्या वेळेला बरं व्हायचं," म्हणाली आणि वाटी सरकवली. बोलायचं ते तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय केलं? वाटीवर झाकण ठेवलं!

दुसऱ्या दिवशी नाश्त्याचा ट्रे आला तेव्हा आई नव्हती. कार्ड पांढरंच होतं. ते मी घरी नेलं.

आठवड्याने मृत्यूच्या नोंदीसाठी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकूनबाईंनी मान वर न करता विचारलं,

"आई काय करायच्या?"

"हॉस्पिटलमध्ये होती." सवय!

"नर्स?"

या वेळी मला हसू आलं नाही.

"नाही! माझी आई भटारखान्यात होती! आधी खरकटं काढायची, मग झाकणं ठेवायची, मग अख्ख्या हॉस्पिटलचं ताट तिच्या नजरेखालून जायचं!"

कारकूनबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, ओरडता कशाला? मला ऐकू येतं."

मी परत सांगितलं. तेवढ्याच जोरात.