वाफ्यातलं पाऊल

सोमवारी सकाळी गाळाच्या तिसऱ्या वाफ्यात, अगदी मधोमध, गमबुटाचा एक ठसा उमटलेला होता. एकच, उजव्या पायाचा. तिथपर्यंत गेलेलं पाऊल दिसत नव्हतं, की परत आलेलंही.

ती कठड्याला टेकून बघत राहिली. टाचेवरची तिरकी चीर तिने लगेच ओळखली. सांडपाण्यातून निघालेला गाळ या वाफ्यांत वाळवायचं काम तिच्या वडिलांनी तीस वर्षं केलं होतं. ती याच सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते.

"अण्णा येऊन गेले," मुकादम हळूच म्हणाला. "पाय ठेवून बघितल्याशिवाय त्यांनी कधी वाफ्यातला गाळ उचलू दिला नाही. ठशाच्या कडांना भेगा पडल्या की गाळ वाळला. आता भेगा पडेपर्यंत आमचं कोणी फावडं लावणार नाही, ताई."

"अहो, ट्रक दारात उभा आहे."

"असू दे की. ट्रकला कुठे भीती वाटते?"

ट्रकला नसेल, ट्रकवाल्याला वाटली. त्याने कठड्यावरून एकदा डोकावून पाहिलं आणि फाटकापर्यंत गाडी उलटीच नेली.

तिच्या डोक्यात मात्र केंद्राचे साहेब घोळत होते. गाळ टाकायचा खर्च महिनाअखेर निम्मा झाला नाही, तर वाफे बुजवून काम कंत्राटदाराला द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मग आवारातलं घरही सोडावं लागणार. त्या घरात ती आणि आई राहत होत्या. दर सोमवारी वाफा रिकामा झालाच पाहिजे, हा हुकूमही याच साहेबांचा, अण्णा गेल्यावर काढलेला. गाळ अर्धा ओला असतानाच उचलायचा आणि नऊ-नऊ खेपा करायच्या. आपण गाळ नाही, पाणी वाहून नेतोय, असं तिने दोन पत्रांत लिहिलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

मंगळवारी ठसा चौथ्या वाफ्यात होता. बुधवारी पहिल्या. माणसं दबक्या आवाजात बोलू लागली. अण्णांची खुर्ची कोणीतरी वाफ्यांकडे तोंड करून ठेवली. तिच्यावर कोणी बसेना आणि ती तिथून कोणी हलवेना.

गुरुवारी साहेब आले.

"एक पाऊल उमटलंय, म्हणजे कोणीतरी आत चाललं. बाकीची उमटली नाहीत, म्हणजे गाळ कडक आहे. साधा तर्क आहे," ते म्हणाले, आणि ती 'नको' म्हणेपर्यंत कठडा ओलांडून आत उतरले.

पहिला पाय टिकला. दुसरा ठेवला आणि वरची खपली फाटली. साहेब तर्कासकट गुडघ्यापर्यंत खाली गेले. चौघांनी दोर लावून त्यांना ओढून काढलं.

"माझा बूट?"

"अण्णांनी ठेवून घेतला," मुकादम म्हणाला.

साहेबांनी पायावरचा गाळ मुठीत घेऊन दाबला. "यात तर पाणीच आहे."

"हो. लिहिलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं : ठशाला भेगा पडेपर्यंत वाफा उचलू नये. ठसा कोणाचा, याचा उल्लेख नव्हता.

दोन आठवड्यांनी तिसरा वाफा उचलला, तेव्हा नऊ खेपांचं काम चार खेपांत झालं. कंत्राटदाराचं नाव पुन्हा निघालं नाही. घर राहिलं.

तिला मात्र झोप लागेना. घरातल्या चपलांच्या फळीवर अण्णांचा फक्त डावा गमबूट होता. एका पहाटे ती वाफ्यांकडे गेली. धुकं होतं. दुसऱ्या वाफ्यावर, हवेत, उजवा गमबूट हळूहळू पुढे सरकत होता. मधोमध येऊन थांबला. खाली बसला.

मग धुक्यात कोणीतरी खोकलं.

"आई?"

"हळू बोल." आईच्या हातात लांब बांबू होता आणि त्याच्या टोकाला बूट बांधलेला. "ही युक्ती माझीच. रोज गुडघ्यापर्यंत बरबटलेली पँट कोण धुणार? तुझे अण्णा सगळ्यांना सांगायचे मात्र, पाय ठेवून बघतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पत्रं लिहिलीस, कोणी ऐकलं? तीस वर्षं जेवताना त्यांनी गाळाशिवाय दुसरं काही सांगितलं नाही. मलाही कळतं, ओला कुठला आणि वाळलेला कुठला." आईने बांबू तिच्या हातात दिला. "खांदा भरून आलाय माझा. उद्यापासून तू."

दुसऱ्या पहाटे तिने बूट उचलला. आत अण्णांचा एक मोजा होता. तो तिने काढला नाही.

आठ वाजता मुकादम कठड्याशी आला. त्याने वाकून ठसा निरखला.

"आज अण्णांचा पाय हलका पडलाय."

"असं?"

"बांबू मधे नाही धरायचा, ताई. टोकाला धरून अंगाचा भार टाकायचा." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आईंनी आधी मागच्या वाफ्यात चार दिवस सराव केला होता. आम्ही सगळे शेडमधून बघत होतो."

मग तो वळला. नवा ट्रकवाला फाटकातून आत येत होता. मुकादमाने आवाज खाली आणून त्याला सांगितलं, "थांब. अण्णा येऊन गेलेत."