मान्य, अर्थात बाद

जिने उतरायचे नाहीत, एवढाच निर्णय मी त्या सोमवारी घेतला. गेली नऊ वर्षं सर्दी माझ्या कपाळात मुक्कामाला आहे. एक पायरी उतरले की आत कुणीतरी खिळा ठोकतं. म्हणून रजेच्या अर्जांचा तक्ता घेऊन तळमजल्यावर न जाता, मी तो टायपिस्टबाईंना फोनवरून वाचून दाखवला.

आमच्या गोदामात ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ हे शब्द साहेबांनी बंद केले होते. (सारखे दिसतात, घोटाळा होतो.) त्यांच्या जागी ‘मान्य’ आणि ‘बाद’. त्या दिवशी पाचही अर्ज मान्य होते, त्यातला एक माझा स्वतःचा. मी पाचही वेळा सावकाश, स्पष्ट ‘मान्य’ म्हणाले.

नाक बंद असलं की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘द’. हे मला कुणी सांगायला नको. अनुनासिकांवर माझा प्रबंध आहे. (तेव्हा नाक उघडं होतं.) तरीही माझं ‘मान्य’ पलीकडे ‘बाद्य’ होऊन पोचेल आणि बाई त्यातला ‘य’ माझी शिंक समजून गाळतील, हे काही मला सुचलं नाही.

मंगळवार-बुधवार मी डोकं धरून घरी पडले होते. गुरुवारी सकाळी साडेदहाला नाकाचं ऑपरेशन. आठ महिने थांबून मिळालेली तारीख. यजमान दाराला कुलूप लावत होते, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

“तुमची रजा बाद आहे. साहेबांनी ताबडतोब बोलावलंय.”

“अगं, जाऊ नकोस,” यजमान म्हणाले.

“बी चूक केलेली दाही,” मी बाणेदारपणे म्हणाले आणि गेले.

साहेबांसमोर स्टोअरकीपर उभा होता. त्याने आजारी आईपाशी थांबायला दोन दिवस मागितले होते.

“तुम्ही फोनवर काय वाचलंत?” साहेबांनी विचारलं.

“बाद्य.”

“म्हणजे बाद.”

“दाही, सर! बाद्य!”

“मी तरी वेगळं काय म्हणतोय?”

शेवटी मी तक्ताच पुढे केला. माझ्या वळणदार अक्षरात पाच वेळा ‘मान्य’. साहेबांनी पाचही ओळींवरून बोट फिरवलं. मला जिंकल्यासारखं वाटलं, क्षणभर.

“दोन दिवस आई शुद्धीवर होती,” स्टोअरकीपर तक्त्याकडे बघत म्हणाला. “मला हाक मारत होती म्हणे. मी इथे खोकी मोजत होतो. आज ओळखत नाही.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: “मॅडम, एकदा खाली आला असतात तर?”

मी ‘माफ करा’ म्हणायला तोंड उघडलं. तेही ‘बाफ करा’ असंच बाहेर पडलं.

बाहेर आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. यजमान फाटकापाशी हॉस्पिटलचा नंबर लावूनच उभे होते.

“बी बोलते.”

“अगं, मला बोलू दे.”

“दाक बाझं आहे!” मी फोन हिसकावून घेतला.

“आजची वेळ गेली हो तुमची,” पलीकडची बाई म्हणाली. “आता एकदम सहा महिन्यांनी. चालेल?”

सहा महिने! मी जीव तोडून ओरडले, “दाही! दाही!”

“दहा? बरं झालं बाई, तेव्हा जागाच जागा आहे. दहा महिन्यांनी. लिहिलं.”