मेजावरील आडव्या काठीची हकीगत

सर्वांच्या पाळ्या जो राखतो आणि स्वतः कधी खेळावयास उभा राहत नाही, त्या श्रीगजाननास वंदन करून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शुक्रवार, दोन प्रहरी पूल नामे मेजावरील काठीचेंडूच्या खेळाच्या दौऱ्यातील वार्षिक अंतिम सामन्यात हैबतराव दुधाणे यांनी आपली काठी मेजावर आडवी ठेविली आणि खेळ थांबला. ते समयी मेजावर दोनच चेंडू उरले होते, एक पांढरा आणि एक पिवळ्या पट्ट्याचा, नऊ आकड्याचा. आठ डाव हैबतरावांचे, आठ मकबूल मिस्त्री शिकलगार यांचे, निर्णयाचा डाव चालू, पाळी हैबतरावांची, आणि नऊचा चेंडू कोपऱ्यातील पॉकेटाच्या तोंडाशी ऐसा बसलेला की फुंकर घातली तरी पडावा. तो पडता तर वर्षाचा किताब हैबतरावांचा होता. वीस वर्षे ते या किताबामागे होते, पाच वेळा अंतिम सामन्यात हरले होते, वय पन्नाशीस टेकले होते, आणि चहाचा कप धरिताना त्यांचा उजवा हात अलीकडे कापू लागला होता, हे त्यांचे कुटुंब मंजुळाबाई यांखेरीज कोणास ठाऊक नव्हते. ऐसे असता त्यांनी काठीच्या टोकास निळा खडू लाविला, वाकले, नेम धरिला, मग सरळ उभे राहिले, काठी मेजाच्या दोन्ही कठड्यांवर आडवी टेकविली आणि खुर्चीत जाऊन बसले.

या खेळाच्या लोकांत जुना रिवाज ऐसा की, तक्रार असलेल्या खेळाडूने आपली काठी मेजावर आडवी ठेवावी, आणि तक्रार मिटून तो स्वतः ती उचलीत नाही तोवर त्या मेजावर कोणी खेळू नये. दुसऱ्याच्या काठीस हात लावणे तर त्याहून मोठा अपराध. बापलेकही एकमेकांची काठी विचारल्याशिवाय उचलीत नाहीत. हा रिवाज कोठे लिहिलेला नाही, म्हणोन त्यात पळवाटही नाही.

आता या दौऱ्याच्या दौलतीचे वर्तमान. या दौलतीस मुलूख नव्हता. बारा मेजे आणि ती वाहणारे दोन ट्रक, एवढाच मुलूख, आणि तोही भाड्याचा. तिचे धनी श्रीमंत बळवंतराव हातवळणे सरकार. सरकार स्वतः खेळात कच्चे, परंतु खेळावर जीव मोठा. गावोगाव मुक्काम करावा, खेळाडूंनी प्रवेशफी भरावी, मंगल कार्यालयात मेजे मांडावी, पंखेवाल्या कारखानदाराने जाहिरातीचे पैसे द्यावे आणि विजेत्यास बक्षीस व्हावे, ऐसा शिरस्ता त्यांनी घातला आणि पहिली दोन वर्षे बरा चालला. मग सरकारांस वैभवाची हौस जाहली. खेळाडू आत येताना ताशे वाजू लागले, यंत्रातून धूर निघू लागला, पंचांस फेटे आले, आणि बक्षिसाचा आकडा दर वर्षी चढता जाहीर होऊ लागला, कारण एकदा चढविलेला आकडा उतरविला तर लोक दौरा बुडाला म्हणतील, ऐसे सरकारांचे मत. विजेत्याच्या हाती दारापेक्षा मोठी पुठ्ठ्याची हुंडी देऊन छबी काढीत आणि खरा पैसा पुढील मुक्कामी मिळेल ऐसे सांगत. पुढील मुक्कामी नव्या प्रवेशफीतून मागील बक्षीस भागवीत आणि नव्या विजेत्यास पुन्हा पुठ्ठा देत. कारभारी अनंतराव ठोंबरे यांस ही युक्ती इतकी आवडली की ते तिला शिलकी कारभार म्हणत. मधले मुक्काम जिंकून हैबतरावांच्या घरी ऐसे चार पुठ्ठे जमले होते. एक मंजुळाबाईंनी फुटक्या खिडकीस लाविला आणि एकावर त्या कुरडया वाळत घालीत. वाणी उधारीस नाही म्हणाला तेव्हा त्यांनी पुठ्ठा त्याच्या दुकानी धाडण्याची तयारी केली होती, हैबतरावांनीच अडविले.

यंदा मुक्कामास माणसे थोडी आली, पंखेवाल्याने हात आखडता घेतला, आणि मागील सारी बाकी एकदम उघडी पडली. लहानमोठ्या बक्षिसांपोटी बत्तीस खेळाडूंचे पैसे अडकले. कोणी नोकरी सोडून आलेला, कोणी बहिणीच्या लग्नाचे पैसे फीस भरलेला. मकबूल मिस्त्रींनी तर गतवर्षीचा किताब जिंकून स्कूटर विकली होती. बत्तिसांनी ठरविले की अंतिम मुक्कामास जाऊ नये. तेव्हा ठोंबरे कारभारी हैबतरावांच्या घरी आले, चहा घेतला आणि शब्द दिला की अंतिम सामना संपण्यापूर्वी प्रत्येकाची बाकी हाती पडेल. हैबतरावांनी तो शब्द खरा मानला आणि प्रत्येकास स्वतः फोन करून सांगितले, की या, मी जामीन आहे. त्यांच्या भरवशावर बत्तीसही आले, आणखी एकवार फी भरली आणि अंतिम दोघांखेरीज सारे हरत हरत प्रेक्षकांत जाऊन बसले. अंतिम दिवशी हैबतराव नेम धरून वाकले तेव्हा समोर पहिल्या रांगेत ही माणसे दिसली, त्यांच्या मागे दाराशी ताशेवाले सज्ज दिसले, आणि दोघांच्या मधून ठोंबरे नवा पुठ्ठा घेऊन येताना दिसले. त्यावर नाव लिहावयाची जागा कोरी होती. मग हैबतराव सरळ उभे राहिले, तो प्रकार वर लिहिला आहे.

काठी आडवी होताच ताशेवाल्यांस ताशा वाजवावा की नाही हे कळेना, एकाने दोन टिपऱ्या मारल्या आणि थांबला. ठोंबरे धावत आले आणि पंच गोविंदपंत उकिडवे यांस म्हणाले की नियमाप्रमाणे घड्याळ लावा, ठरल्या वेळात चेंडू मारला नाही तर पाळी जाते. गोविंदपंत फेटा सावरीत म्हणाले, "लावतो की. घड्याळ आणून द्या. मागल्या मुक्कामी लॉजवाल्याने बिलापोटी ठेवून घेतलंय." मग कारभारी मकबूल मिस्त्रींकडे वळले आणि गोड शब्दांत सुचविले की समोरच्याने खेळ टाकिला, आपण उठून विजय मागावा, किताब दुसऱ्यांदा आपला. मकबूल पायावर पाय टाकून बसले होते, ते तसेच राहिले. म्हणाले, "पाळी दादांची आहे. दुसऱ्याची पाळी असताना खुर्चीतून उठू नये, हा तुमचाच नियम. मी बसलोय."

मग ठोंबरे हैबतरावांपाशी आले आणि हे काय आरंभिले म्हणोन विचारिते जाहले. हैबतराव म्हणाले, "सामना संपायच्या आत सगळ्यांचे पैसे, असा शब्द होता. पैसे आले नाहीत. म्हणून सामना संपवत नाही. तुमचा शब्द मोडू नये म्हणूनच बसलोय." यावर कारभाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "म्हणजे सामना संपला नाही तोवर पैसे देण्याची मुदतही संपली नाही. आम्ही थकबाकीदार नाही, दुधाणे. लेखी देता का?" या एका वाक्याने उभय पक्ष खरे ठरले आणि म्हणोनच पेच सुटेनासा जाहला.

सायंकाळी घरून फोन आला. मंजुळाबाईंनी विचारिले, खेळ संपला का. नाही म्हणाले. पैसे मिळाले का. नाही म्हणाले. "मग जेवलात का, तेवढं तरी सांगा," त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून विचारिले, "हात?" हैबतराव म्हणाले, "आज बरा आहे." त्या म्हणाल्या, "मग आजच मारायचा होता ना." खरे तर त्या दिवशी हात वीस वर्षांत राहिला नव्हता इतका स्थिर होता.

दुसरे दिवशी ठोंबऱ्यांनी पाकीट आणिले. आत हैबतरावांची एकट्याची पुरी बाकी होती. हैबतरावांनी विचारिले, बाकीच्यांचे कोठे आहे. ते हळूहळू, ऐसे उत्तर आले. हैबतराव म्हणाले, "मग हे त्यांना द्या. पुरेल तिथवर. माझं शेवटी." कारभाऱ्यांनी पाकीट खिशात घातले, आणि ते कोणास मिळाले नाही. तिसरे दिवशी सरकार स्वतः आले, फेटा नाही, सोबत कोणी नाही, आणि हैबतरावांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. उभयतां बराच वेळ त्या चेंडूकडे पाहत राहिले. मग सरकार म्हणाले की पैसा नाही. कोठे गेला म्हणोन विचारिता म्हणाले, धुरात गेला, ताशांत गेला, ट्रकांच्या डिझेलात गेला. "मी खाल्ला नाही, हैबतराव."

"ते माहीत आहे, सरकार. खाल्ला असतात तर परत तरी मागता आला असता."

सरकार हसले आणि मग हसावयाचे थांबले. म्हणाले, "तो चेंडू घाला. वीस वर्षं मी तुम्हाला हरताना बघितलंय. एकदा जिंकताना बघू द्या. पुढच्या साली मी सगळं फेडीन."

हैबतराव म्हणाले, "चेंडू पडला की तुमचे ताशे वाजतील, लोक उठतील, ट्रक भरतील. मग ही माणसं तुम्हाला कुठल्या गावी शोधायची? त्यांना मी बोलावलंय, तुम्ही नाही." आणि हळू म्हणाले, "तो चेंडू मलाही घालायचाय, सरकार. तुमच्याहून जास्त."

सरकार उठून गेले आणि आठवडा न लोटता त्यांनी आपली मोटार विकली, ही गोष्ट त्यांच्या नावे लिहिली पाहिजे. त्यातून अकरा जणांची बाकी पुरी भागली. हे अकरा जण पैसे घेऊन घरी गेले, आणि त्यांतले सात जण पुढील रविवारी डबे घेऊन परत आले व पूर्वीच्याच जागी बसले. मेजांचे मालक भाऊशेठ गुगळे यांचेही भाडे थकले होते. ते ट्रक व जोडारी घेऊन आले आणि अकरा मेजे खोलून घेऊन गेले. बाराव्यापाशी जोडारी थांबले. भाऊशेठ म्हणाले, उचला. मुख्य जोडारी म्हणाला, "शेठ, काठी आहे वर." भाऊशेठ म्हणाले, काठी बाजूला ठेव. तो म्हणाला, "तुम्ही ठेवा." भाऊशेठांची हयात याच धंद्यात गेली होती. ते मेजाभोवती एक फेरी मारून आले, कापडावर चुकूनही बोट न लाविता चेंडूची जागा वाकून पाहिली, हा तर मीही घातला असता म्हणाले, आणि बारावे मेज ठेवून गेले. कार्यालयवाल्यानेही ओरड केली नाही, कारण बघ्यांची रीघ लागून त्याच्या उपाहारगृहात चहा व भजी यांचा खप चांगला वाढला होता.

संक्रांत गेली आणि लग्नसराई लागली. पहिल्याच लग्नात मुलीकडच्या बायकांनी मेज पाहून म्हटले, रुखवत मांडावयास जागा छान आहे. मकबूल, जे आपला कामधंदा सांभाळून दर दोन प्रहरी खुर्चीत येऊन बसत, त्यांनी हात जोडून विनंती केली की मावशी, तेलकट लाडू त्या हिरव्या कापडावर नको, चेंडूची वाट बिघडेल. मग बायकांनी मेजाच्या चहूबाजूंनी बाके लाविली, रुखवत त्यांवर मांडिले, आणि मधोमध मेज, काठी व दोन चेंडू तैसेच राहिले. पाहुण्यांनी तेही रुखवतच समजून वाखाणिले. हैबतराव कोपऱ्यात अक्षता हाती घेऊन उभे होते. त्यांनी अक्षता टाकिल्या, मग मेजापाशी येऊन कापड पाहिले. हवेने ते किंचित सैल पडले होते. त्यांनी उजवा हात कठड्यावर ठेविला, तो कापत होता, तेव्हा डावा त्यावर ठेविला आणि मकबूलकडे पाहिले नाही. मकबूलही दुसरीकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दादा, जिलबी गरम आहे. घ्या."

एकंदर वर्तमान इतुके. बत्तिसांपैकी अकरा जणांस पोहोचले, एकवीस जणांचे येणे आहे, हैबतरावांचे त्यांत शेवटी धरावे. सरकार नवा पंखेवाला शोधीत फिरत आहेत आणि परवा एकाने येऊन पाहतो म्हटले, नक्की काही नाही. ठोंबरे कारभारी मुदत संपली नाही म्हणोन निश्चिंत आहेत. पंचांचे घड्याळ लॉजवाल्याकडेच आहे. माघ वद्य द्वितीया, शुक्रवार, दोन प्रहरी हैबतराव आले, खिशातील निळा खडू काढिला, पाहिला, परत खिशात ठेविला आणि खुर्चीत बसले. समोर मकबूल बसले. काठी मेजावर आडवी आहे, नऊचा चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी आहे, आणि पाळी हैबतरावांची आहे.