एर्लेनगाऊच्या सीमा

सीमा आखल्याशिवाय प्रदेश होत नाही, आणि प्रदेश झाल्याशिवाय शेजाऱ्याशी नीट भांडता येत नाही. या बाबतीत एर्लेनगाऊ हा जर्मनीतला मध्ययुगीन परगणा अगदीच मागासलेला. एक टेकडी, दोन ओढे, एकोणीस खेडी, दोन सरदार (गढी एकच). सीमेचा मात्र पत्ता नाही.

१९८७ साली ही उणीव बर्मिंगहॅमच्या बारा वर्षांच्या वैजयंतीला भोवली. या परगण्याचा सर्वांत पटणारा नकाशा काढणाऱ्यालाच शाळेच्या जर्मनी ट्रिपमध्ये उरलेली एकमेव जागा मिळणार होती. नकाशा सोमवारी द्यायचा होता.

"आजोबा, बुकमध्ये बॉर्डर दिलाच नाही! म्हणे, लोक कोणाला मानतात त्यावर ठरायचा."

यादवरावांनी चाळीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला होता. घाई त्यांना ठाऊक नव्हती. "मग सोपं आहे. आधी आपल्या लोकांचा नकाशा काढ."

गावात तेव्हा एकोणीस मराठी घरं होती, आणि कामाच्या सोयीसाठी मंडळं दोन. (गणपतीत आधी कोणती आरती म्हणायची, यावरून ही सोय झाली.) मंजिरीमावशींच्या हळदीकुंकवाला जाणारी घरं वैजयंतीने लाल रंगवली, शशीकाकूंकडे जाणारी निळी. एका घरात सासू लाल आणि सून निळी निघाली. ते पट्ट्यापट्ट्यांचं केलं.

"गिरीशकाका कुठला?"

"तो दोन्हीकडे जेवतो. तिथे जंगल दाखव."

"आणि आपण लाल ना, आजोबा?"

"नकाशा काढणाऱ्याने तटस्थ असावं," यादवराव म्हणाले. नंतर हळूच म्हणाले, "लाल जरा गडद कर."

मग घरांच्या जागी खेडी आली आणि मावशी-काकूंच्या जागी सरदार. बाकी काही बदलावं लागलं नाही.

शाळेतल्या बाईंनी शेरा दिला: 'मध्ययुग इतकं आतून कळलेली मुलगी मी पाहिली नाही.' ट्रिपची जागा वैजयंतीला मिळाली. त्या संध्याकाळी यादवरावांकडे अभिनंदनाचे दहा फोन आले. निळ्या घरांतून एकही नाही. (गिरीशकाका प्रत्यक्ष येऊन पेढे खाऊन गेले.)

वाचकालाही मुलीचं कौतुक वाटलं असेलच. ते जरूर कळवावं. फक्त आपण कोणाकडचे, ते आधी लिहावं. म्हणजे कौतुक स्वीकारायचं की नाही, ते ठरवता येईल.